वाटेची घळ झाली आणि घाणेरी दुप्पट आली, चुकलं कुठे?

सुदामानगरचा_टेकडीकर · ४ जून

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आमचा इंदूरचा सकाळी फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे, अकरा-बारा जण, बरेचसे रिटायर्ड आणि दोन-तीन कॉलेजची पोरं. शहरापासून अर्ध्या तासावर वन विभागाची एक टेकडी आहे तिथे जातो. रालामंडल अभयारण्य नाही, ही दुसरी. नाव मुद्दाम लिहीत नाही, मागे एकाने इन्स्टावर टाकलं तर पुढच्या रविवारी वर लोक स्पीकर घेऊन हजर. साग, पळस, खैर, धावडा, मधेमधे गवताची मोकळी जागा, नीलगाय दिसते, मोर तर रोजचेच.

तर गेल्या वर्षी जूनमधे आम्हाला हुक्की आली. नाकेदाराला (वनरक्षकाला) तोंडी विचारलं, तो म्हणाला करा की, आणि चार रविवार लागून आम्ही वाटेच्या दोन्ही अंगाची घाणेरी (लँटानाची झुडपं) साफ केली. कोयत्याने जमिनीलगत छाटली, ढीग घातले, वाट चांगली दीड मीटर रुंद केली, फावड्याने खरवडून एकदम सपाट. फोटोत काय दिसत होती म्हणून सांगू! पोहे-जिलबी झाली, एकमेकांची पाठ थोपटून झाली.

मग पाऊस आला. ऑगस्टपर्यंत वाटेच्या मधोमध नाली पडली, आता ती गुडघाभर घळ आहे आणि एका सागाची मुळं अशी उघडी पडलीत की पोरं त्यांच्यावर पाय देऊन जिन्यासारखी चढतात. घळ टाळायला लोक बाजूने चालतात म्हणजे एका वाटेच्या तीन वाटा झाल्या. घाणेरीचा जिथे एक दांडा कापला तिथे सहा-सात फुटवे. आणि जिथे आम्ही मोकळं केलं तिथे पावसाळ्यात कंबरेएवढं गाजर गवत, जे आधी तिथे नव्हतंच! आता ते वाळलंय पण बी सगळीकडे पडलंय.

आता पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आलाय. ग्रुपमधे तीन मतं आहेत. एक म्हणतो माझ्याकडून एक ट्रॉली मुरूम घ्या नि घळ भरा. दुसरा म्हणतो सरळ पेव्हर ब्लॉक. तिसऱ्याचं म्हणणं वाट वगैरे सोडा, मोकळ्या जागेत झाडं लावा, २०२४ च्या जुलैत आपल्या इंदूरने रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांवर रोपं लावून गिनीज रेकॉर्ड केलं, आपण शंभर तरी लावू. मला काहीच सुचत नाहीये, जाणकारांनी सांगा. आम्ही बिघडवलंय हे मान्य आहे, त्यावर बोलणी खायची तयारी आहे.

टिळकनगर_काकू · ४ जून

बोलणी नाही हो, पण गाजर गवताला आता नुसत्या हातांनी शिवू नका. आमच्या ह्यांनी गेटसमोरचं उपटलं होतं बनियनवर बसून, तिसऱ्या दिवशी दोन्ही हात कोपरापर्यंत लाल आणि मान सुजलेली, त्वचारोगवाल्यांकडे तीन महिने चकरा. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल. आणि फुलायच्या आत उपटायचं, पांढरे ठिपके दिसले की उशीर झाला समजा, एकेका झाडाला हजारो बिया असतात. पाऊस पडून गेला की जमीन ओली असते तेव्हा मुळासकट सटकन येतं.

उतरतं_पाणी · ५ जून

पेव्हर ब्लॉक ज्यांनी सुचवलं त्यांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. ३४ वर्षं रस्त्यांच्या कामात घालवली म्हणून सांगतो, तुमचा प्रॉब्लेम मातीचा नाही, पाण्याचा आहे. मुरूम टाकाल तर पहिल्या दोन जोरदार सरींत तो खालच्या नाल्यात जाऊन बसेल, ट्रॉलीचं भाडं वाया.

तुम्ही वाट खरवडून सपाट केली म्हणता, म्हणजे काय केलंत बघा, वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं खाली गेली. चार बोटं खाली आणि उताराला सरळ, ह्याला आमच्याकडे वाट म्हणत नाहीत, नाली म्हणतात. आधी तिथे पाचोळा होता, घाणेरीची का होईना मुळं होती, ती पाण्याला अडवत होती. ते सगळं एका महिन्यात काढून टाकलंत आणि वरून पावसाला बोलावलंत.

वाट सरळ चढते की वळणं घेत? सरळ असेल तर कितीही डागडुजी करा, दरवर्षी तेच. साधा हिशोब असा की टेकडीच्या अंगाला जेवढा उतार असेल त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला नको, कारण निम्म्याच्या वर गेलात की पाणी वाट ओलांडून पलीकडे जायच्या ऐवजी वाटेनेच धावायला लागतं. आणि एकूणात दहा मीटर चालल्यावर एक मीटर चढ, ह्याच्या आसपास राहिलात तर बरं. मोजायला काही महागडं लागत नाही, मिस्त्री वापरतात ती पारदर्शक नळी, त्यात पाणी भरा, दोन माणसं दोन टोकांना, झालं.

दुसरं, वाटेची बाहेरची कड, म्हणजे दरीकडची, आतल्या कडेपेक्षा किंचित खाली हवी. एक मीटर रुंदीला चार-पाच सेंटीमीटर, जास्त नको नाहीतर पाय घसरतो. आणि दर दहा-पंधरा मीटरवर एक लांबट उथळ खोलगट भाग आणि त्याच्या खालच्या अंगाला मातीचा बसका उंचवटा, चालताना कळणारसुद्धा नाही पण पाणी तिथे बाहेर वळतं. बरेच लोक आडवे दगड लावतात, तेही चालतं पण ते तिरके हवेत आणि दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत गाडलेला हवा. नुसते ठेवलेले दगड म्हणजे शोभा. आणि जिथून पाणी बाहेर पडतं ते तोंड गाळाने भरतं, ते पावसाळ्यात दोन-तीनदा उपसावं लागतं, हे काम कुणालाच आवडत नाही म्हणून सगळ्या वाटा मरतात.

घळीत सैल माती भरू नका. आधी वरून येणारं पाणी वळवा, मग वरून खाली येत घळीत थोड्या थोड्या अंतरावर काळ्या दगडांचे छोटे बांध घाला, सिमेंट नाही, नुसते रचलेले, बांधाचा मधला भाग कडांपेक्षा खाली ठेवा नाहीतर पाणी कडेने घुसून घळ आणखी रुंद करेल. त्यांच्यामागे गाळ आपोआप साठतो. दोन-तीन पावसाळे जातील, घाई नको.

आणि खालचा सपाट पट्टा काळ्या मातीचा असेल तर (माळव्यात असणारच) तिथे जोराचा पाऊस झाला की दोन दिवस जाऊच नका. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून लोण्यासारखी, एकदा पायांनी तुडवली की खड्डे पडतात आणि लोक कडेने जातात. तुमच्या तीन वाटांतली एक तरी अशीच झाली असणार.

सगळ्यात आधी करायचं काम मात्र हे की पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन वर जा आणि नुसतं बघा. फावडं नेऊ नका.

रायडर_भिया · ५ जून

काका बाकी सगळं एकदम सही, पण दोन दिवस बंद म्हणजे आमचा संडे गेला ना 😅 आम्ही सायकलवाले पावसातच तर जातो, मजाच तेव्हा आहे. आणि वाट ती वाट, जंगल काही काचेचं नाहीये

उतरतं_पाणी · ५ जून

भिया, सायकलचं चाक ओल्या मातीत एक बोट रुंदीची सरळ नाली काढतं, वरपासून खालपर्यंत. पाण्याला एवढंच हवं असतं. मजा डांबरी रस्त्यावर करा की, सिमरोळच्या घाटात काय कमी चढ आहे? आणि अंगात एवढा जोर आहे तर दगड उचलायला या, ह्यांच्या ग्रुपमधे सगळे गुडघे धरून बसणारे दिसतायत.

पळसपान · ६ जून

बॉटनी शिकवते, त्यामुळे मला घाणेरीबद्दल बोलू द्या, पाण्याचं काकांनी सगळं सांगितलंच आहे.

टेकडीकर काका, घाणेरी छाटणं म्हणजे तिची छान मशागत करणं. ती १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमधे शोभेचं झाड म्हणून आली, आणि बागेतल्या झाडासारखीच वागते, कापलं की दाट होते. जाळली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. मूळ आणि खोड जिथे मिळतात तिथे जमिनीच्या जरासं खाली तिचे सगळे डोळे असतात, फुटवे तिथूनच येतात. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी जी पद्धत बसवली, कॉर्बेटमधेही वापरलीये, ती ह्याच गोष्टीवर आहे. मुख्य मूळ जमिनीखाली, ह्या डोळ्यांच्याही खाली तोडायचं, अख्खं झुडूप उचलायचं आणि तिथेच उलटं करून ठेवायचं, मुळं वर, फांद्या खाली, म्हणजे मुळांना पुन्हा माती लागत नाही. खणून मोठा खड्डा करायचा नाही. माती उकरली की खाली झोपलेलं बी वर येतं आणि मग तुमच्यासारखं होतं, कंबरभर गाजर गवत. ते कुठून आलं म्हणून विचारताय ना, ते बहुतेक तिथेच होतं, तुम्ही त्याला ऊन दिलंत. थोडं तुमच्या बुटांनी आणि फावड्यांनीही आणलं असेल, एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना अवजारं झटकून पुसून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे चार रविवारांत सगळी वाट, हा वेगच चुकला. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ ब्रॅडली आडनावाच्या दोन बहिणी होत्या, जोन आणि आयलीन, १९६० च्या दशकापासून त्या घराजवळच्या जंगलातलं तण हातांनी काढत. त्यांचा क्रम आपल्या नेहमीच्या सवयीच्या बरोब्बर उलटा. आपण जिथे सगळ्यात जास्त घाण तिथे आधी तुटून पडतो. त्या जिथे जंगल सगळ्यात चांगलं आहे तिथून सुरू करत, तिथलं एखाददुसरं तण काढत, आणि मूळची झाडं जेवढी पसरतील तेवढंच पुढे सरकत. झाडांनी वेग ठरवायचा, आपण नाही. तुमच्या अकरा-बारा जणांना हेच झेपणारं आहे. खैर-धावडा-कुडा जिथे अजून दाट आहे आणि मधे घाणेरीची दोन-चारच झुडपं आहेत ती शोधा. वीस बाय वीस मीटरचा तुकडा घ्या एका मोसमात, बस्स. आणि त्या तुकड्यात पुढची दोन-तीन वर्षं दर पावसाळ्यात परत जाऊन बोटाएवढी रोपं उपटा, विशेषतः मोठ्या झाडांखाली, कारण बुलबुल-साळुंक्या फळं खाऊन फांदीवर बसतात आणि खाली बी टाकतात.

सगळी घाणेरी एकदम काढूही नका. तिने देशी झुडपांची जागा खाल्ली हे खरं, पण ती खाल्ल्यावर आता पक्ष्यांना, सशांना, साळिंदरांना आडोसा तिचाच आहे. एका बाजूचं देशी झुडूप वर आलं की मग दुसऱ्या बाजूची काढा.

आणि तिसरे जे शंभर झाडं लावा म्हणतायत त्यांना प्लीज थांबवा. मोकळी गवताळ जागा म्हणजे ओसाड जागा नाही हो! माळव्यात ह्याला बीड म्हणतात, गवतासाठी राखलेली जमीन. रतलामजवळ सैलाना आणि धारकडे सरदारपूर ही दोन्ही अभयारण्यं १९८३ मधे खास तणमोर पक्ष्यासाठी, इथे त्याला खरमोर म्हणतात, केली गेली, आणि त्याला झाडं नकोत, पावसाळ्यातलं गवत हवं, नर त्या गवतातून उंच उड्या मारतो मादीला दिसावं म्हणून. तुमच्या टेकडीवर तणमोर असेल असं मी म्हणत नाहीये, पण चंडोल, तितर, ससे ह्यांचंही तेच आहे. घाणेरी काढलेल्या तुकड्यात सुद्धा आधी गवत येऊ द्या. मारवेल, पवन्या, कुसळी. दिवाळीच्या आसपास त्याच टेकडीवरचं पिकलेलं बी मुठी-मुठीने गोळा करा, बाहेरून विकत आणू नका, आणि पुढच्या जूनमधे टाका. गवताची मुळं माती धरतात, म्हणजे काकांच्या पाण्याचाही अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. झाडांचं बी नीलगाय आणि पक्षी आणतातच.

कुणी सुबाभूळ किंवा विलायती बाभूळ लावायचं म्हटलं तर मला फोन करायला लावा.

सुदामानगरचा_टेकडीकर · ६ जून

ताई, काका, काय बोलू, डोळे उघडले. पावसाळ्याच्या तोंडावर घाणेरी काढली तर उतार उघडा पडणार नाही का पण? आणि गेल्या वर्षीच्या वाळलेल्या ढिगांचं काय करू, एकजण म्हणतो काडी लावून टाकू.

पळसपान · ६ जून

बरोबर शंका. म्हणूनच छोटा तुकडा, आणि उलटी केलेली झुडपं उताराला आडवी ओळीने ठेवायची, पाण्याला अडसर होतो, मागे पाचोळा साठतो, त्याच्यात गवत उगवतं. जमीन ओली असताना मूळ सहज तुटतं म्हणून पहिल्या-दुसऱ्या पावसानंतरचे दिवस बरे, फक्त दांड्यांवर काळी फळं नसावीत.

वाळलेले ढीग सोनं आहे. तुमच्या त्या दोन जास्तीच्या वाटा आहेत ना, त्यांच्या तोंडाशी पहिले पाच-सहा मीटर, म्हणजे वळणावरून जेवढं दिसतं तेवढं, ह्या काटक्यांनी भरून टाका, वर बोरीच्या दोन काटेरी फांद्या. दिसली नाही तर वाट कुणी चालत नाही. तार-पाटी लावली की मुद्दाम ओलांडतात.

कोर्टातली_मावशी · ७ जून

काडी लावून टाकू?? अहो! सगळ्यांनी इतकं छान लिहिलंय म्हणून गप्प होते. टेकडीचा भाग अभयारण्यात येतो की नुसतं राखीव जंगल आहे ते आधी बघा. अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २९, तिथली वनस्पती काढणं, अधिवास बदलणं ह्याला मुख्य वन्यजीव अभिरक्षकांचा परवाना लागतो. कलम ३० आग लावण्याबद्दल. कलम ३१ प्रमाणे शस्त्र घेऊन आत जायला लेखी परवानगी हवी आणि कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत सुरीसुद्धा आहे, तुमच्या कोयत्यांचं काय ते समजून घ्या. तणनाशक फवारायचा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल तर कलम ३२ पण वाचा. राखीव जंगल असेल तर १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ आहेच. नाकेदाराची तोंडी हो ही त्या बिचाऱ्यालाही अडचणीत आणणारी गोष्ट, उद्या विचारणा झाली तर तो काय दाखवणार? रेंजरना अर्ज द्या, नकाशावर तुकडा दाखवा, कोणती झाडं, कोणती अवजारं, किती माणसं, कोणत्या तारखा. हाताने तण काढणारी माणसं फुकट मिळतायत तर लेखी हो म्हणायला सहसा कुणाला जड जात नाही, काम त्यांच्याच कार्य-योजनेत बसवून घेतात.

बाकी पळसपान ताई, उलटं झुडूप हे मला फार आवडलं.

रायडर_भिया · ७ जून

बरं बाबा पावसात नाही येत सायकल घेऊन 🙏 आम्ही सहा जण आहोत, दगड उचलायला येऊ, पण पोहे तुमच्याकडून, आणि उसळ-पोहे हवेत, साधे नाही

सुदामानगरचा_टेकडीकर · २९ जून

मंडळी, अपडेट. अर्ज दिला, रेंजरसाहेबांनी बोलावून घेतलं, आमची टेकडी राखीव जंगलात आहे, अभयारण्यात नाही. एका तुकड्याची लेखी परवानगी मिळाली, हाताची अवजारं, नाकेदार हजर असताना, आग आणि फवारणी नाही. मावशींचे आभार, अर्जात त्यांचीच वाक्यं होती.

२३ तारखेला दुपारी काळं कुट्ट भरून आलं तसे मी आणि उतरतं_पाणी काका (हो, ते आले! अन्नपूर्णा रोडलाच राहतात, एवढ्या वर्षांत भेट नाही) छत्र्या घेऊन वर गेलो. पाऊण तास धो-धो. घळीच्या वरच्या टोकाशी उभे राहिलो तर वाटेवर पडणारं पाणी कितीसं, चपलेएवढी धार. पण घळीत येत होतं ते तांबडं, भरलेलं, खळखळ आवाज करत. काका म्हणाले हे इथलं नाहीच. मग त्या धारेच्या मागे मागे चढत गेलो, पन्नास-साठ पावलं, बोरीच्या जाळीतून वाकून, तर वर जुना जीपचा रस्ता आहे त्याच्या वळणावर चाकाची एक चाकोरी, जेमतेम वीतभर खोल. अख्ख्या रस्त्याचं पाणी त्या एका चाकोरीतून वळणावर कड ओलांडून खाली उतरत होतं, थेट आमच्या वाटेच्या माथ्यावर. आधी मधे घाणेरीची जाळी होती, तिच्यात ते पसरत असणार. आम्ही जाळी काढली आणि पाण्याला दार उघडून दिलं.

काकांनी फावडं न्यायचं नाही म्हणून सांगितलेलं, तर शेवटी त्यांनीच छत्री मिटली, तिच्या टोकाने चाकोरीच्या कडेला माती उकरली आणि दोन दगड सरकवले, दहा मिनिटं पाणी दुसरीकडे वळलं, घळीतली धार आमच्यासमोर बारीक झाली. दोघंही चिंब. काका ६९ वर्षांचे आहेत, घरी कुणाला सांगू नका म्हणाले.

परवा रविवारी तुकड्यातली पहिली नऊ झुडपं उलटी केली. मूळ अंगठ्याएवढं जाड आणि कापल्यावर त्या पानांचा तो उग्र वास हाताला संध्याकाळपर्यंत. दहावं झुडूप धरलं तर आत बुलबुलाचं घरटं, तीन अंडी, लालसर ठिपक्यांची. ते तसंच ठेवलंय, त्याच्याभोवती सुतळी बांधलीये म्हणजे कुणी चुकून हात लावू नये. भियाच्या पोरांनी दोन्ही जास्तीच्या वाटा काटक्यांनी बुजवल्या, काल एक जोडपं तिथपर्यंत येऊन मुकाट्याने मूळ वाटेने वर गेलं.

आता पुढच्या रविवारी सकाळी सहाला जीपच्या वळणावर पाणी वळवायचंय आणि घळीतला पहिला बांध. दगड वर आहेत, पण हलवायला पहार हवी, आपल्या इंदुरी भाषेत सब्बल, निदान दोन. कुणाकडे आहे का? तगाऱ्या आहेत. उसळ-पोह्यांचं मी बघतो.

टिळकनगर_काकू · २९ जून

सब्बल आमच्याकडे एक आहे, ह्यांना पाठवते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून.